दिवस बुडल्यावरचं ताट

माझ्या डाव्या मांडीतलं गुडघ्याकडचं हाड माझं न्हाई. हे आधीच सांगून टाकते. गावात बाया माझ्यामागं कुजबुजतात आन् मी वळून बघितलं की पदर सावरत बसतात, त्याचा मला लय वैताग येतो. इचारायचं असंल तर तोंडावर इचारा की, मी काय खाती का तुमाला. हाड जयपालचं हाय. जयपालला मी जित्ता कवा बघितला न्हाई.

पाटणपासनं कोसभर आत आमचं गाव. मोठा दुष्काळ सरून चार-पाच वरसं झालती, आबा पल्टनीतनं पेन्शनीवर आलं व्हतं, आन् मला सतरावं सरून अठरावं लागलं व्हतं. गुडघ्याच्या वर गाठ आली. आय म्हणाली, हिरीच्या पायरीवर आपटली असशील. शेजारच्या साळूबाईनं कसलासा लेप सांगितला. लेपानं कातडी तेवढी काळी झाली, गाठ काय बसंना. शेवटाला आबांनी मला साताऱ्याला नेलं. तिथल्या डाक्टरनं फोटो काढला, गाठीचा तुकडा काढून तपासायला धाडला, आन् मग आमाला समोर बसवून सांगितलं की हाडाचा कॅन्सर हाय, पाय मांडीतनं काढावा लागंल.

आबांनी एकाहत्तरच्या लढाईनंतर मिल्ट्रीच्या दवाखान्यात पाय गेलेली पोरं बघितली व्हती. ते लगेच काढा म्हणालं. जीव ऱ्हायला म्हंजी सगळं ऱ्हायलं, असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, पाय काढायचा असंल तर संगट मान बी काढा, एकदाच काय ते व्हऊन जाईल. आय तोंडाला पदर लावून बसली. डाक्टर भला माणूस. त्यानं माझ्याकडं बघितलं आन् सांगलीच्या एका डाक्टरचं नाव दिलं. इलायतेत शिकून आलाय, पाय वाचवायचं बघतो, म्हणाला.

सांगलीचा डाक्टर बारका, चष्मा लावणारा, आन् बोलताना सारखं माझ्या पायाकडंच बघायचा. मी वर तोंड घेऊन बसलेय हे त्याच्या गावी बी नसायचं. त्यानं सांगितलं ते मला जसंच्या तसं ध्यानात हाय.

"रोग मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाला आहे. छातीच्या फोटोत काही दिसत नाही, ही त्यातल्या त्यात चांगली गोष्ट. तेवढं हाड सांध्यासकट काढायचं आणि त्या जागी दुसरं हाड बसवायचं. पोलादी पट्टी आणि स्क्रूनं ते वरच्या हाडाला आवळायचं. पुढं दोन्ही हाडं एकमेकांना धरली, तर पाय राहिला."

"दुसरं म्हंजी कुणाचं?" आबांनी इचारलं.

"नुकत्याच गेलेल्या माणसाचं. तरणं, निरोगी, हिच्या मापाचं. मुलगी उंच आहे, तेव्हा मुलाचंही चालेल. मी बाहेर हे होताना पाहिलंय, इथं अजून केलेलं नाही. खात्री देत नाही. आणि फार दिवस थांबताही येणार नाही. हाड मिळालं नाही तर पाय काढायचाच."

मग आमी वाट बघत बसलो. कशाची, ते तुमीच समजून घ्या. दवाखान्याच्या फाटकात जीप नाहीतर बैलगाडी येऊन थांबली की आय खाटंवरनं उठायची आन् व्हरांड्यात जाऊन उभी ऱ्हायची. कुणाला उतरवलं, म्हातारं का तरणं, हे बघून परत यायची. म्हातारं असलं की तिचा चेहरा पडायचा. मी ते बघायची आन् भिंतीकडं तोंड करून निजायची. असल्या वाट बघण्यात माणूस स्वतःला घाण वाटायला लागतं.

एकदा सकाळी आय खिडकीत उभी ऱ्हाऊन गावाच्या दिशेला हात जोडत व्हती. मी झोपलेय असं वाटलं तिला. "भैरोबा," ती म्हणाली, "माझ्या शालूला हाड मिळू दे. तुझ्या दारात बकरं देते." हाड काय आकाशातनं पडत न्हाई, त्याच्या भवती माणूस असतंय. हे आयला कळत नव्हतं असं न्हाई. कळूनच तिनं मागितलं, आन् मी डोळे मिटून ऐकलं.

त्याच आठवड्यात जयपालला आणलं.

कवठे महांकाळच्या बाजूचं जैनाचं घर, बेताचं रान, एकुलता एक पोरगा, माझ्याच वयाचा. सायकलवर चालला व्हता, अंधारात ट्रकनं उडवला. मार सगळा डोक्याला, बाकी अंगाला ओरखडा न्हाई. हे सगळं आमाला वार्डातल्या आयाबाईनं सांगितलं, डाक्टर काय बोलायचा न्हाई. डाक्टरनं त्याच्या बापाला इचारलं तवा आबा व्हरांड्यातच व्हते. तो बाप म्हणाला, "जीव गेला तो पुढच्या जलमाला गेला. मागं ऱ्हायली ती माती. कुणाच्या उपेगी पडत असंल तर घ्या." त्याची बायको खांबाला टेकून बसली व्हती, माझ्या खाटंवरनं दारातनं तेवढी दिसत व्हती. आबा आत आले आन् माझ्या खाटंच्या पायथ्याला बसून हुंदके देऊन रडले. लढाईवरनं आलेला माणूस, मी त्यांना त्याआधी कवा रडताना बघितलं नव्हतं.

आयनं माझ्याकडं बघितलं न्हाई. तिनं उठून खिडकी लावून घेतली.

आपरेशन झालं. कमरंपासनं बोटापातुर प्लास्टर. जखम भरली तसं आमाला घरी धाडलं, आन् दारालगतच्या सोप्यात माझी खाट टाकली. पयल्याच दिवशी तिन्हीसांजंला सुरू झालं ते. दिवस कलला, चुलीचा धूर सोप्यात आला, आन् माझ्या मांडीत खड्डा पडला. दुखणं म्हणावं तर दुखणं न्हाई. पोटात खड्डा पडतोय न्हवं, तसा तिथं, प्लास्टरच्या आत, हाडात. मी आयला हाक मारली. ती आली आन् प्लास्टरवर हात ठेवून उभी ऱ्हायली.

"त्याला चालंना," आय म्हणाली.

"कुणाला?"

"तुला कळतंय कुणाला. जैनाचं हाड हाय. आपल्या घरात शिजतंय काय, खातोय काय, कवा खातोय. त्याला बाटल्यागत व्हतंय."

तवापासनं आमच्या घरात मटण बंद. मग अंडी बंद. मग कुणी तरी आयला सांगितलं की जैन जमिनीखालचं खात न्हाईत, तसं कांदा, लसूण, बटाटा सगळं परड्याच्या बाहेर. आन् शेवटी दिवस बुडायच्या आत जेवायचं, बुडाल्यावर पाण्याचा घोट न्हाई. भैरोबाला बोललेलं बकरं तसंच दावणीला ऱ्हायलं. जैनाच्या हाडापायी बकऱ्याचं रगत कसं सांडायचं, ह्या इचारानं आयनं देवाकडं मुदत मागून घेतली. बकरं खाऊन-पिऊन असलं माजलं की माझ्या खाटंचं सुंभ चावायला लागलं. मेल्यावर बी जयपालनं एक जीव वाचवला म्हणायचं.

आबांचा आन् आयचा रोज खटका उडायचा.

"आगं, हाड त्याचं असंल, बाकीची पोरगी मराठ्याची हाय," आबा म्हणायचे. "डाक्टरनं अंडी सांगितलीत, कलेजी सांगितलीय. ती काय मुनी हाय का उपास काढायला?"

"हाड रुसलं तर तुमी समजूत काढणार का त्याची?" आय म्हणायची. आबा अंडी आणायचे, आय ती साळूबाईच्या दारात नेऊन ठेवायची. साळूबाईची नातवंडं त्या वरसात चांगली बाळसं धरून ऱ्हायली.

तुमी म्हणाल, तू तरी बोलायचं न्हाई का. मी बोलणारी हाय, पर मला भ्या वाटत व्हतं. दिवसभर काय वाटायचं न्हाई. मी आबांशी भांडायची, बकऱ्याला शिव्या द्यायची. ऊन भिंतीवरनं खाली उतरायला लागलं की माझं बोलणं बंद व्हायचं. प्लास्टरमधी मी एकटी न्हाई हे तवा कळायचं. कुशीवर वळायचं तर त्याला इचारून वळावं असं वाटायचं. मला त्याचा चेहरा ठावा नव्हता, म्हून तर जास्त. चेहरा असता तर त्याच्याशी भांडले असते. तो नुसता मांडीत बसून ऱ्हायचा आन् काय तरी मागायचा, आन् मला कळायचं न्हाई काय. मी दिवस असताना जेवायची, तरी दिवा लागला की खड्डा पडायचाच. उलट वाढला. आय म्हणायची, आपलंच कुठं तरी चुकतंय, आजून कडक पाळूया. मला बी तसंच वाटायला लागलं.

श्रावण सरता सरता सांगलीला फोटो काढला. डाक्टरनं तो उजेडाला धरून लय वेळ बघितला. माझ्या आन् जयपालच्या हाडाच्या मधी काळी रेघ दिसत व्हती.

"धरलेलं नाही," तो म्हणाला. आन् मग पयल्यांदाच त्यानं पायावरनं नजर काढून माझ्या तोंडाकडं बघितलं. "ही एवढी कशी वाळली? खाते काय? अंडी, कलेजी, दूध सांगितलं होतं."

"सगळं खाती जी," आय म्हणाली. आबा बाहेर गेले. मी खाली बघितलं.

"हाड हाडाला आपोआप धरत नाही. तिच्या अंगात काही असेल तर ते धरणार. दिवाळीनंतरच्या फोटोत ही रेघ अशीच राहिली तर हे हाड मला काढावं लागेल. आणि त्यानंतर पाय ठेवता येणार नाही. समजतंय ना?"

समजलं की. येष्टीत आय माझ्या कानाला लागून म्हणाली, "बघ, रुसलंय." त्या दिवसापासनं तिनं मला तूप, मुगाची डाळ आन् भाकरी ह्याशिवाय काय दिलं न्हाई, आन् ते बी ऊन पिवळं व्हायच्या आत.

दसऱ्याच्या आधी एक बाई आमच्या दारात उभी ऱ्हायली. दवाखान्यातनं पत्ता घेऊन, दुपारच्या येष्टीनं पाटणला उतरून चालत आली व्हती. फिकट लुगडं, हातात शेंगांची पिशवी, पाय धुळीनं भरलेले. आयनं वळखलं न्हाई, मी वळखलं. दवाखान्यात खांबाला टेकून बसलेली बाई.

"मी गुणमाला," ती म्हणाली. "जयपालची आय. पोरगीला बघून जाते."

आय दारातच उभी ऱ्हायली. आबांनी घोंगडं टाकलं, तांब्या दिला. गुणमालाबाई घोंगड्यावर बसल्याच न्हाईत. सरळ माझ्या खाटंपाशी आल्या आन् प्लास्टरकडं बघत ऱ्हायल्या.

"हितं हाय?" त्यांनी इचारलं.

मी त्यांचा हात धरून गुडघ्याच्या वर ठेवला. प्लास्टर जाड, आतलं काय हाताला लागायचं न्हाई. तरी त्यांनी हात काढला न्हाई. डोळ्यातनं पाणी व्हात व्हतं आन् त्या पुसत नव्हत्या. मी म्हटलं, "मी जपते त्याला." लय खुळ्यागत वाटलं बोलल्यावर, पर ते खरं व्हतं.

ऊन भिंतीवरनं उतरायला लागलं. आयची धांदल उडाली. तिनं ताटं मांडली आन् गुणमालाबाईंसमोर हात जोडले. "या ताई, दिवस हाय तवर बसा. आमी सगळं पाळतो बघा. तुमच्या पोराच्या हाडाला बाट लागू दिला न्हाई. मटण न्हाई, अंडं न्हाई, कांदा सुदीक न्हाई. दिवस बुडल्यावर पोरगीच्या तोंडात थेंब जात न्हाई."

तिला वाटलं बाई खुश व्हतील. गुणमालाबाईंनी आधी आयकडं बघितलं, मग माझ्या हाताच्या काड्यांकडं, गळ्याच्या हाडांकडं.

"डाक्टर काय म्हणतोय?" त्यांनी इचारलं.

"हाड धरंना म्हणतोय," आबा मधीच म्हणाले. "अंगात काय न्हाईच तर धरणार कसं? न्हाई धरलं तर पाय काढणार हाय."

"आन् दिवस बुडताना मांडीत खड्डा पडतोय," मी म्हटलं. "रोज. कितीबी आधी जेवले तरी."

गुणमालाबाई खाटंच्या कडंला बसल्या. ताट तसंच ऱ्हायलं. आय सारखी दारातनं उन्हाकडं बघत व्हती. ऊन पिवळं झालं, तांबडं झालं, डोंगराआड गेलं. आयनं कपाळाला हात लावला. तवा गुणमालाबाई बोलल्या.

"त्या दिवशी हिरीवरचं इंजिन बिघडलं व्हतं. जयपाल दुरुस्त करत बसला, सकाळच्या भाकरीवर दिवसभर. घरी आला तवा दिवस बुडून गेला व्हता. आमच्यात दिवस बुडाला की चूल इझती. म्हणाला, आक्का, वाढ की गं, लय भूक लागलीया. मी म्हटलं, नेम म्हंजी नेम. पाणी बी मिळणार न्हाई, सकाळी जेव." त्यांनी आमच्या चुलीकडं बघितलं. "भाकरी व्हती घरात. टोपल्याखाली व्हती. मी त्याच्या म्होरनं टोपली उचलून आत ठेवली."

गुणमालाबाईंनी माझ्या पायावरचं पांघरूण सारखं केलं.

"त्यानं सायकल काढली. फाट्यावरच्या हाटेलात काय मिळतंय का बघतो म्हणाला. लोक म्हणतात ट्रकनं मारला. माझ्या घरातलं म्हणत्यात आत्मा गेला, दुसरा जलम घेतला. मी बी मान हलवते. पर मला ठावं हाय, तो उपाशी गेला. आन् बाई, तुमी त्याला हितं आणून परत उपाशी ठेवलाय."

आय दारातनं म्होरं आली. गुणमालाबाईंचे पाय धरून म्हणाली, "ताई, तुमचा पोरगा म्या मागितला. भैरोबाला हाड मागितलं. माझ्या मागण्यानं गेला तो." इतके महिने तिनं हे पोटात ठेवलं व्हतं. ते पाळणं, ते कांदे फेकणं, सगळं त्यापायी व्हतं. मला आयचा राग यायचा, तो त्या घडीला गेला.

गुणमालाबाईंनी तिला उठवलं. "तू मागायच्या आधी मी त्याला उंबऱ्याबाहेर घालवला. कुणाचं पाप मोठं ते आपण म्हातारपणी बसून ठरवू. आता दिवा लाव आन् पोरगीला वाढ."

आयनं दिवा लावला. गुणमालाबाईंनी स्वतः ताट घेतलं. भाकरी कुस्करली, वर दूध घातलं, तूप घातलं. जलमात त्यांनी दिवस बुडल्यावर कुणाला वाढलं नव्हतं. थोडं तूप ताटाबाहेर बी सांडलं. आबा साळूबाईच्या घरनं अंडी घेऊन आले आन् चुलीपाशी उकडायला घातली. "ते माझ्या डोळ्यादेखत नगं," गुणमालाबाई म्हणाल्या, "पर घाला तिला," आन् भिंतीकडं तोंड करून बसल्या. एक हात मातर माझ्या गुडघ्यावर तसाच.

मी जेवले. सवय मोडलेली, तरी जेवले. भाकरी संपली, दूध संपलं, अंडी संपली. मांडीतला तो खड्डा वाट बघत व्हता, मग हळूहळू भरला. तुमी इश्वास ठेवा न्हाईतर ठेवू नका.

रिकामं ताट खाली ठेवल्याचं वाजल्यावर गुणमालाबाईंनी तोंड वळवलं. माझ्याकडं बघितलं न्हाई. प्लास्टरवर वाकून, अगदी हळू, त्यांनी इचारलं, "जयपाल, भरलं का पोट?"

उत्तर कुणी तरी द्यायला पायजे व्हतं.

"भरलं, आक्का," मी म्हटलं.

दिवाळीनंतरच्या फोटोत त्या काळ्या रेघंत पांढरं धुकं दिसलं. डाक्टर म्हणाला, कलेजी लागू पडली वाटतं. पुढं प्लास्टर निघालं. गुडघा पुरा वाकत न्हाई, मांडी घालून बसता येत न्हाई, पर दोन पायांवर चालते. गुणमालाबाई शेंगा काढून झाल्या की येतात. दिवसा स्वतः जेवतात आन् दिवा लागल्यावर मला वाढतात. बकरं आजून दावणीला हाय.

आजून कवा कवा तिन्हीसांजंला खड्डा पडतो. शेतातनं उशीर झाला, कामात ध्यान न्हाई ऱ्हायलं, की पडतो. आता मला भ्या वाटत न्हाई. मी पाय ओढत चुलीपाशी जाते, टोपली उघडते आन् गुडघ्यावर हात ठेवून सांगते, थांब की रं गड्या, वाढते.